एकच ओळ, एकशे आठ वेळा

यज्ञेश्वरबुवा सोवनींचा कंठ काढून टाकला त्याला सहा वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात स्वतःचा आवाज ऐकावा असं त्यांना एकदाही वाटलेलं दिसलं नव्हतं. त्यामुळे वैशाखातल्या त्या सकाळी पूजा आटोपून त्यांनी पाटी पुढे केली, तेव्हा लेकीनं, ऋजुतानं, ती दोनदा वाचली.

'मंडप उतरताना लाव. शेवटचा घोष. माई हसवते तो.'

"नाना, आत्ता? मला कारखान्यात जायचंय."

नानांनी खाली आणखी एक शब्द लिहिला. 'जा.' आणि उपरण्याच्या टोकानं डोळे टिपल्याचं सोंग केलं. कंठ गेला म्हणून कीर्तनकाराचा अभिनय कुठे जातो? ऋजुता हसली आणि खांद्यावरची पिशवी तिनं परत खुंटीला लावली.

बुवांनी चाळीस वर्षं नारदीय कीर्तन केलं. वाईपासून पार बेळगावापर्यंत माणसं त्यांना ओळखत. पण कीर्तनाचं ध्वनिमुद्रण त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गुरूंची तशी शिकवण होती. कीर्तन उभं राहतं ते समोर बसलेल्या माणसांसाठी, ती उठली की संपलं. मग कर्करोगानं कंठ गेला. गळ्याच्या खळीत एक भोक राहिलं, त्यावर पांढरं मलमलीचं फडकं आलं. डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं होतं, जुन्या आवाजाचे नमुने दिले की त्याच आवाजात बोलून दाखवणारं. नानांनी तेव्हा पाटीवर लिहिलं होतं, 'कीर्तनाच्या गादीवर जो उभा राहील त्याच्या पाया पडायचं असतं. आता मी माझ्याच पाया पडू?' डॉक्टर हसले आणि विषय तिथेच राहिला.

ध्वनिमुद्रण न करण्याला एकच अपवाद झाला, तो चौदा वर्षांपूर्वी. 'दृश्यधारा' या ओटीटीसाठी एक मराठी चित्रपट होत होता, 'मंडप उतरताना'. त्यातला बुवा म्हणून दिग्दर्शिकेला कुणी नट नको होता, खरा कीर्तनकार हवा होता. नाना म्हणाले, हे कीर्तन नव्हे, नाटक आहे, मग हरकत नाही. शेवटचा प्रसंग मेणवलीच्या घाटावर घेतला. सप्ताह संपलेला, श्रोते उठून निघालेले, मंडपवाले बांबू सोडतायत, कनाती गुंडाळतायत, आणि मोकळं होत चाललेल्या आभाळाखाली बुवा एकटाच नारायण, नारायण म्हणत उभा. डाव्या हाताच्या पेरांवर मोजून नानांनी नाम एकशे आठ वेळा घेतलं.

खूण होताच श्रोते म्हणून बसवलेली माणसं उठून जायची होती. सगळी उठली. ऋजुताची आई, माई, तेवढी उठली नाही. कनातीआडची सहायक मुलगी हातवारे करून दमली. माई आपली सतरंजीवर मांडी घालून, हात जोडून. "आरती झाल्याशिवाय कुठे उठतात का," असं तिनं नंतर सगळ्यांनाच सुनावलं. नानांनी तिला पाहिलं ते बहात्तराव्या नारायणाला. त्या नारायणाच्या 'रा'वर त्यांना हसू फुटलं, आणि पुढची छत्तीस नामं त्यांनी त्या एकाच श्रोत्यासाठी घेतली. दिग्दर्शिकेनं ते तसंच ठेवलं. लोक त्या प्रसंगाला रडले होते.

माई जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्याही आधीपासून, कंठ गेल्यापासून, ऋजुतानं तो चित्रपट लावला नव्हता. आता लावला.

आवाज नानांचाच होता. पहिल्या नारायणाला तिच्या अंगावर काटा आला. दहाव्यापर्यंत ती सावरून बसली. तिसाव्याच्या आसपास काहीतरी खुपायला लागलं, ताटात खडा लागावा तसं, पण काय ते कळेना. बहात्तरावा आला आणि गेला. हसू नव्हतं. सतरंजीवर एक बाई हात जोडून बसलेली होती खरी, पण तिचा चेहरा जाहिरातीतल्या सासूसारखा सोज्वळ होता.

एकशे आठ पुरे झाले. नानांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'हा मी नाही. हा एकदाच म्हणतोय.'

*

ऋजुता ज्या कारखान्यात काम करायची तिथे तबकड्या निघत. वाईच्या औद्योगिक वसाहतीत शेवटची शेड. मालक फिरोज तांबोळी, वय पासष्ट. एके काळी साताऱ्यात सीडीची लायब्ररी चालवलेला माणूस, ती बुडाल्यावर लोकांनी ज्याला वेड्यात काढलं आणि आता ज्याच्याकडे महिना महिना आधी नाव नोंदवायला लागे. ओटीटीवरचे चित्रपट तो तबकडीवर काढून द्यायचा. ओटीटीवर घरबसल्या सगळं दिसत असताना लोकांना तबकडी कशाला हवी होती, ते समजायला 'वाळवण' काय प्रकार आहे ते सांगायला हवं.

पूर्वी चित्रपट साठवायचा म्हणजे त्याची चित्रं साठवायची, सेकंदाला चोवीस. पुढे चित्रपट एवढे झाले की ते ठेवणाऱ्या इमारतींना एकेका शहराएवढी वीज आणि तेवढंच पाणी लागायला लागलं. मग कुणीतरी तोड काढली. चित्रं ठेवूच नका, चित्रांचं सार ठेवा. कोण माणूस, त्याचा चेहरा कसा, आवाजाची जात कोणती, उजेड कुठून येतो, कोण काय बोलतं. प्रेक्षकानं बटण दाबलं की त्याच्या पडद्यातलं यंत्र त्या सारावरून अख्खा चित्रपट तिथल्या तिथे नव्यानं रंगवतं. शंभर पोत्यांचा माल एका पोत्यात. फिरोजभाई त्या साराला वाळवण म्हणत आणि पडद्यावर उमटे त्याला तळण. मुठीएवढी कुरडई तेलात टाकली की ताटभर होते, तसं. कारखान्यात सगळे तेच शब्द वापरत.

पण तळण दर वेळी सारखं येत नाही. काल नायिका खिडकीत रडली, आज दारात. वाळवणात जे लिहिलेलं नाही ते यंत्र आपल्या मनानं भरतं, आणि यंत्राचं मन म्हणजे त्यानं आजवर पाहिलेल्या कोट्यवधी चेहऱ्यांची सरासरी. दर तळणाला माणसं थोडी थोडी अधिक गुळगुळीत होत जातात. तबकडीवर मात्र प्लास्टिकच्या पोटात सूक्ष्म खळगे ठोकलेले असतात. एकदा ठोकले की ठोकले. कंपनीनं मान्य केलेलं एक तळण घ्यायचं, ते कायमचं ठोकायचं, वेष्टनावर 'अचल प्रत' असं छापायचं, हा फिरोजभाईंचा धंदा.

'मंडप उतरताना'ची तबकडी भाद्रपदात निघायची होती. ते काम ऋजुतानंच मागून घेतलेलं.

"फिरोजभाई," तिनं चहा ओतता ओतता विचारलं, "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर वाळवणात तिचं काय होतं?"

"काय होणार? पंगतीत शंभर पानं वाढायची असली की एक पान नमुन्याचं मांडतात, बाकीची त्याच्यावरनं. एक ठेवतं, पुढं आकडा लिहितं."

"म्हणजे माणूस दहा वेळा दार उघडतो तर..."

"तसं नाही, ताई. तसं असतं तर आख्खी दुनिया ओरडली असती. दहा वेळा दार उघडलं तर दहाही ठेवतं, कुठल्यात काय फरक असेल सांगता येत नाही म्हणून. कुणी लिहून दिलं असेल की बाबा हे एकच आहे, तेवढंच एक ठेवतं." त्यांनी बशीत चहा ओतून फुंकर मारली. "का? बुवांचं काही बिघडलं?"

तिनं सांगितलं. ऐकता ऐकता फिरोजभाईंची बशी तशीच हातात राहिली.

"कोण असं लिहून देईल?" ते म्हणाले. "कुणाला एवढी अक्कल नसेल?"

*

दृश्यधारेच्या जतन विभागात इंद्रनील प्रधान नावाचा गृहस्थ होता. पडद्यावर दिसला तो तिच्याच वयाचा, सभ्य, कानावर पिकलेले केस. त्यानं फाइल उघडली आणि वाचली.

"वर्णनपत्र आहे इथे," तो म्हणाला. "सार काढण्याआधी आम्ही कलाकारांकडून भरून घेतो. तुम्हाला दाखवतो. सही ओळखीची आहे का पाहा."

सही तिचीच होती. अक्षरही तिचंच. प्रश्न छापील होता, 'या दृश्यात वेगवेगळी वाक्यं किती?' आणि पुढे तिनं लिहिलं होतं, 'एकच. १०८ वेळा.'

ती दुपार तिला लख्ख आठवली. नाना झोपाळ्यावर, तेव्हा कंठ शाबूत, पोटभर जेवण झालेलं. तिनं प्रश्न वाचून दाखवला तर ते एवढे खदखदून हसले की कड्या वाजल्या. "लिही, एकच," ते म्हणाले. "नाम एकच आहे गं, घेणारे फार. एकशे आठ काय, कोटी वेळा घेतलं तरी त्याचं दुसरं होत नाही. यंत्राला तेवढा एक सिद्धांत तरी कळू दे." स्वयंपाकघरातून माई म्हणाली होती, "नीट भरा, सरकारी कागद असेल." आणि ऋजुतानं अभिमानानं, टपोऱ्या अक्षरात ते लिहिलं होतं.

"यंत्राला खरं तर फरक दिसले होते," इंद्रनील सांगत होता, आणि त्याचा स्वर मनापासून दिलगिरीचा होता, हेच तिला असह्य झालं. "त्यानं शंकाही काढलीय, ही बघा. पण कलाकाराचं लेखी म्हणणं आम्ही वरचं धरतो. आम्हाला वाटलं, श्रद्धेचा भाग आहे, मान राखावा."

"मूळ चित्रण?"

"मंजुरीनंतर तीस दिवसांनी पुसलं. सगळ्यांचंच पुसतो, मॅडम. नाहीतर सार काढून उपयोग काय?"

दिग्दर्शिका हयात नव्हती. तिच्या संस्थेच्या जागेत आता कपड्यांचं दुकान होतं.

घरी येऊन तिनं नानांना सगळं सांगितलं. आपल्यामुळे झालं, असं ती म्हणाली. नानांनी शांतपणे लिहिलं, 'बरोबरच लिहिलं होतंस. मी सांगितलं तेच.' थोड्या वेळानं पाटी परत जवळ ओढून त्यांनी पुस्ती जोडली, 'देवाला चाललं असतं.'

*

फिरोजभाई असा सहज हार मानणारा माणूस नव्हता. चित्रपट आला त्या वर्षी एका महोत्सवाच्या परीक्षकांना तो तबकडीवर पाठवला होता, वाळवण होण्याच्या आधी, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. एकूण नऊ तबकड्या. आठांचा पत्ता लागला नाही. नववी फलटणला, एका वारलेल्या प्राध्यापकांच्या कपाटात, कोशांच्या मागे.

ती त्यांच्या मुलीनं कागदात गुंडाळून दिली. फिरोजभाईंनी उजेडात धरून फिरवली आणि जिभेनं चक् केलं.

"काय?"

"ठोकलेली नाही, घरगुती यंत्रावर बर्न केलेली आहे. आणि कड बघा." कडेला बोटभर रुंदीचा पट्टा पांढुरका पडला होता, भिंतीला ओल धरावी तसा. "तबकडी आतून बाहेर वाचतात, ताई. सुरुवात मध्याशी, शेवट कडेला. आणि हवा पहिली शिरते ती कडेतूनच."

तरी लावली. पाऊण तास, तास, दीड तास चित्रपट स्वच्छ चालला. कारखान्यातल्या पाचही जणांनी काम टाकलं. मंडपात येऊन बसणाऱ्या बायकांमध्ये माई दिसली, खरी, ओठाच्या कोपऱ्यावरचा तीळ आणि पदर खोचायची ती घाई. ऋजुतानं टेबलाची कड धरली. मग कीर्तन संपलं, माणसं उठायला लागली, बांबू उतरू लागला आणि नानांनी पहिला नारायण घेतला.

दुसरा घेतला. तिसरा घेतला.

तिन्ही वेगळे होते. पहिला नुसताच उभा राहिलेला. दुसऱ्यात कुणीतरी निघून चाललंय त्याला हात केल्यासारखं काहीतरी. तिसरा निघून गेलेल्याला माफ करून टाकणारा. तिथे पडदा थिजला.

फिरोजभाईंनी चार दिवस त्या तबकडीवर काढले. पुसली, घासली, तीन निरनिराळ्या यंत्रांत घातली. पाचव्या दिवशी कडेचा पापुद्रा त्यांच्या अंगठ्याला चिकटून आला. तो अंगठा तसाच धरून ते खुर्चीत बसले, आणि ऋजुताच त्यांना म्हणाली, "असू दे, फिरोजभाई."

*

तीन नामं हाताला लागली होती. इंद्रनील म्हणाला, तीन असतील तर काहीतरी करता येईल. कलाकार हयात आहे ना? मग नियमात एक वाट आहे. यंत्र त्या तीन नामांवरून बाकीच्यांचे अंदाज बांधेल. प्रत्येक नामाला दोन दोन नमुने ऐकवेल, खऱ्याच्या जवळचा कोणता ते बुवांनी सांगायचं, उजवा की डावा. त्या उत्तरावरून पुढचे दोन. असं करत करत ते जवळ जवळ सरकत जाईल. हजार-दोन हजार वेळा ऐकावं लागेल. शेवटी बुवांनी प्रमाण मानलं की तेच नवं सार, आणि तबकडीवर तेच.

नानांनी लिहिलं, 'नको.'

"का नको?"

'ऐकून ऐकून नाम घेत नाहीत.'

"नाना, तुम्हीच मागितलात. माई हसवते तो, असं तुम्हीच लिहिलंत." आणि तिनं शेवटचं काढलं. "तुम्हाला नको असेल. मला हवाय. तुमच्या मागे माझ्याकडे काय राहणार आहे तुमचं? ही पाटी?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग 'नको' पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दहा वाजता नाना कारखान्यात यायचे. अंघोळ, कपाळी गंध, धुतलेलं धोतर. काही झालं तरी नाम ऐकायचं होतं. फिरोजभाईंनी त्यांच्यासाठी लायब्ररीच्या काळातली स्वतःची आरामखुर्ची मांडली. कानावर यंत्र लावून नाना डोळे मिटत. नारायण. नारायण. मग उजवा हात वर किंवा डावा.

पहिला आठवडा मजेत गेला. नाना नमुन्यांची नुसती पिसं काढत. पाटीवर शेरे यायचे, 'याला पडसं झालंय.' 'हा निवडणुकीला उभा.' 'हा माझा मेव्हणा.' पाचही जण पाटी वाचायला धावत. एका नमुन्यापुढे त्यांनी नुसतंच लिहिलं, 'वाढपी.' त्यावर फिरोजभाई दिवसभर हसत होते.

दुसऱ्या आठवड्यात शेरे कमी झाले. नाना एकेक जोडी तीन तीनदा ऐकत. घरी आल्यावर जेवणावरही त्यांचं लक्ष नसे, मान एका बाजूला कलती.

"ताई," एकदा फिरोजभाई हळूच म्हणाले, "माझे मामू अत्तर विकायचे. गिऱ्हाइकाला तिसऱ्या कुपीच्या पुढं हुंगू द्यायचे नाहीत. म्हणायचे, उद्या या. चौथ्या वासाला माणूस पहिलाच वास सांगायला लागतो."

"थोडेच राहिलेत."

"मी आपलं सांगितलं."

तिसऱ्या आठवड्यात पाटी कोरीच असायची. हात तेवढे वर होत, उजवा, डावा, उजवा, आगगाडीच्या सिग्नलसारखे. आणि विसाव्या दिवशी, दुपारी सव्वाबाराला, बहात्तरावा आला. नानांनी तो ऐकला. परत ऐकवा अशी खूण केली. परत ऐकला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि त्यांनी पाटीवर लिहिलं, 'हाच.'

ऋजुतानं तो कानाला लावला. 'रा'वर हसू फुटत होतं. ती फिरोजभाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडली.

*

भाद्रपदात तबकड्या निघाल्या. वेष्टनावर सतरंजीचा फोटो, खाली बारीक अक्षरात, 'कलाकाराने स्वतः ऐकून प्रमाण मानलेली अचल प्रत.' पहिली तबकडी ऋजुतानं घरी आणली. आळीतली माणसं बोलावली. नानांची कीर्तनं ऐकून म्हातारी झालेली माणसं ती. बहात्तराव्या नामाला समोरच्या भागीरथीकाकूंनी पदर तोंडाला लावला. "अगदी बुवा," त्या म्हणाल्या. "अगदी आपले बुवा. डोळे मिटले तर मंडईतल्या देवळात बसल्यासारखं वाटतंय." नानांनी सगळ्यांना हात जोडले. बुक्का लावला, खिरापत वाटली.

माणसं गेल्यावर ऋजुता वाट्या गोळा करत होती. चार वाजत आले होते. ही नानांच्या जपाची वेळ. खिडकीतल्या खाटेवर ते माळ घेऊन बसत, आणि त्यांचे ओठ हलत राहत. आज ते खाटेवर बसले, पण माळ डबीतच होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती बरेच दिवस डबीतच आहे.

"नाना, जप?"

त्यांनी मान हलवली.

"बरं वाटत नाहीये का? सांगा ना, काय होतंय?"

नानांनी पाटी घेतली. आज ते फार सावकाश लिहीत होते.

'कंठ काढला तेव्हा डॉक्टरांनी सगळं नेलं नव्हतं. आत चालू होतं. माझ्याच आवाजात. रोज.'

तिनं वाचल्यावर त्यांनी ते पुसलं.

'आता आत हा आलाय.' आणि त्यांनी तबकडीच्या यंत्राकडे बोट केलं.

ऋजुता खाली जमिनीवर बसली. "कधीपासून?"

'दुसरा आठवडा.'

"मग मला थांबवलं का नाहीत? 'हाच' असं का लिहिलंत?" ती चिडली होती, कुणावर ते तिलाही कळत नव्हतं. "माझ्यासाठी खोटं लिहिलंत का?"

'खोटं नाही. तेव्हा हाच वाटला. दुसरा कोणी आठवेना.'

बाहेर कुणीतरी नळ सोडला. 

"मला आठवतोय," ती एकदम म्हणाली. "थांबा. मी होते ना तिथे. माझ्या कानांनी ऐकलाय. माई बसून राहिलेली, तुम्ही पाहिलंत, आणि..." तिनं डोळे मिटले. घाट आणला, बांबू आणला, माईचे जोडलेले हात आणले. नानांकडून लहानपणी शिकलेल्या चालीवर तिनं तोंड उघडलं आणि नाम घेतलं. बरोबर आलं. 'रा'वर हसू, तेवढंच, तिथेच. तिनं पुन्हा घेतलं. पुन्हा तेवढंच, तिथेच. फिरोजभाईंच्या तबकडीत ठोकलेलं होतं, तसंच.

डोळे उघडले तेव्हा नाना मान कलती करून ऐकत होते. परगावाहून आलेल्या एखाद्या बुवाचं ऐकावं तसे, आदरानं.

ती उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे तोंडी आलं ते त्यांच्याच पूर्वरंगातलं होतं, शेकडो वेळा ऐकलेलं. "नाना, नाम घेणं आणि नाम ऐकणं, दोन्ही सारखंच ना? श्रवण ही पहिली भक्ती, असं तुम्हीच सांगायचात. तो घेतोय तर घेऊ दे. तुम्ही ऐका."

नानांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. कुणी श्रोत्यानं कीर्तनानंतर शंका विचारली की ते असेच थांबत, उत्तर खरं असल्याशिवाय देत नसत. आताही थांबले. मग लिहिलं.

'तो घेतोच आहे. मी बसूनच आहे. पण कीर्तन संपलं की श्रोता उठून घरी जातो. मी कुठे जाऊ?'

ती पाटी त्यांनी पुसली नाही. ऋजुताच्या हातात दिली, आणि भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून ते ऐकत राहिले.